पांढरंच खाणारी जुबी

माणूस जेवून उठला की बाकीचे लोक त्याच्या तोंडाकडे बघतात, खानसामा त्याच्या ताटाकडे बघतो. माझे अब्बा लोणावळ्याच्या बंगल्यांवर खानसामा होते. मला चुलीपुढं बसवलं तेव्हा फोडणीच्या आधी त्यांनी हेच शिकवलं. "मैना, पाहुणा 'वा वा, फर्मास' म्हणाला तर सलाम कर आणि विसरून जा. ताट परत आलं की त्यात काय उरलंय ते बघ." आयुष्यभर मी तेच केलं.

अब्बा गेले, पाठोपाठ माझा नवरा गेला. आमचं घर मळवलीच्या बाजूला, चार भाताची खाचरं, ती दिराच्या हाताखाली. बंगल्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "बाईमाणूस खानसामा? बरं, करून तर दाखव." करून दाखवलं, आणि केस पिकेपर्यंत करतच राहिले. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा मला हसूच फुटलं. माझी शाळा चौथीपर्यंतची. "बोलता तसंच लिहा," असं सांगितलं, तेव्हा म्हटलं, मग हरकत नाही. बोलण्यात मी कुणाला हार जाणारी नव्हे.

ज्यांनी बंगल्यावरचं काम बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मालक मुंबईत. बंगला हवापाण्यासाठी भाड्यानं जायचा, थंडीत आणि उन्हाळ्यात. खुर्च्या, पलंग, आरसे जसे बंगल्याबरोबर मिळायचे तशीच मीही मिळायचे. बावर्चीखाना बंगल्याच्या मागं, वेगळा, धूर घरात जाऊ नये म्हणून. त्यामुळं प्रत्येक पातेलं उचलून अंगण ओलांडून न्यायचं, आणि थंडीच्या दिवसांत रस्सा टेबलावर पोचेपर्यंत वर तुपाचा थर धरलेला. आज पारशी कुटुंब, ते गेलं की बोहरी, ते गेलं की कुणी मराठी बॅरिस्टर. प्रत्येकाचं मीठ वेगळं, तिखट वेगळं, रुसण्याची तऱ्हाही वेगळी. एक निवृत्त जज्जसाहेब प्रत्येक घासाआधी वास घ्यायचे, जणू मी त्यांना विष घालणार होते. एका बाईंना भजी गोलच लागायची. जराशी शेपटी निघाली की परत. दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी मी सगळीच भजी शेपटीवाली पाठवली. काय करतील? भूक लागली होती, खाल्ली.

पण मोठ्या माणसांचं काही वाटत नाही. मोठा माणूस नाही जेवला तर दिवाणखान्यात बसून बिस्किटं खाईल. नाकी नऊ आणतात ती मुलं. आणि त्या मुलांमध्ये जुबीनं मला जेवढं रडवलं तेवढं कुणी रडवलं नाही.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याच्या बाजारात विजेचे दिवे आले होते, पण आमच्या बंगल्यापर्यंत तारा आल्या नव्हत्या. पावसाळा सरला आणि मुंबईचे एक इमारती लाकडाचे व्यापारी, कोकणी मुसलमान, त्यांचं कुटुंब थंडीभर राहायला आलं. शेठ शनिवारी यायचे, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचे. बंगल्यात राहणार होत्या दोघीच. एक शेठची नवी बायको, वीस वर्षांची असेल-नसेल. तिला मी धाकट्या बीबी म्हणायचे. दुसरी जुबी, शेठच्या पहिल्या बायकोची मुलगी. ती पहिली बायको बिचारी दोन वर्षांपूर्वी वारली होती. पोर पाच-सहा वर्षांची, मान बघावी तर देठासारखी.

दोघींना सोडायला शेठची थोरली बहीण आली होती. त्या मोठ्या बीबी. विधवा, करारी, आवाज असा की दोन बंगले पलीकडचा माळी हातातली झारी खाली ठेवेल. आई गेल्यापासून जुबी त्यांच्याकडेच वाढली होती, शेठचं दुसरं लग्न झाल्यावर नव्या आईकडे आली. ते मोठ्या बीबींना पसंत नव्हतं. टांग्यात बसताना त्यांनी माझ्यादेखत धाकट्या बीबींना सांगितलं, "थंडी संपायच्या आत मी येईन. पोरीच्या अंगावर मूठभर मांस दिसलं तर ठीक. नाही दिसलं, तर तिला माझ्या घरी घेऊन जाईन, आणि मग परत मागायला यायचं नाही. सावत्र हाताखाली पोर सुकली असं लोकांनी म्हणायच्या आधी मीच म्हणते."

धाकट्या बीबी मान खाली घालून उभ्या होत्या. टांगा गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मैनाबी, ही नेली तर मी काय करू? रात्री माझा हात धरल्याशिवाय झोपत नाही ती."

मी म्हटलं, "अहो, एवढंसं पोर! जेवायला काय लावायचं त्यात? माझ्यावर सोडा." काय ती माझी ऐट! चार दिवसांत उतरली.

दुपारी जुबी थोडंफार खायची. उठायचीच उशिरा, अकरा वाजता पाव आणि चहा, मग दुपारच्या जेवणाला भूक नसायची, चिमणीएवढा घास घ्यायची. मुख्य जेवण म्हणाल तर रात्रीचं. त्या घरी रिवाज असा, की तिन्हीसांजेला मुलांच्या तोंडात काही घालायचं नाही. मगरिबची नमाज व्हायची, दिवे लागायचे, अंधार पुरता बसायचा, मग मुलांचं ताट. मोठी माणसं त्याच्याही नंतर. मुलांनी मोठ्यांच्या टेबलावर यायचं नाही, म्हणून जुबीचं ताट बाजूच्या छोट्या खोलीत, कंदिलाशी. हे सगळं मोठ्या बीबी ठरवून गेल्या होत्या आणि ते मोडायची धाकट्या बीबींची टाप नव्हती.

तर त्या ताटातलं जुबी काय खायची? पांढरं. भात खायची, त्यावर साखर. पावाचा आतला मऊ भाग खायची, कड काढून टाकायची. साबुदाण्याची खीर, तीही पाण्यातली, कारण दुधावर साय येते म्हणून दूध नको. अंडं उकडून दिलं तर पांढरं खायची आणि पिवळा गोळा जशाच्या तसा ठेवायची. भाजी नको, मटण नको, डाळ नको, मासा नको. वाटी पुढं केली की तोंड घट्ट मिटायचं, मान भिंतीकडे. जास्त आग्रह केला तर आवाज न करता रडायची, ते तर बघवतच नसे.

आता मी ताटं बघून माणसं ओळखणारी बाई. जुबीचं ताट परत यायचं तेव्हा त्यात सगळ्या वाट्यांच्या काठांना बोटं लागलेली असायची. भाजीवर बोटाचा ठसा, रश्शात नखभर बोट बुडवलेलं. मी म्हटलं, लाडावलेलं पोर, खेळते अन्नाशी. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. सकाळपासून चुलीपुढं खपायचं आणि या बाईसाहेबांनी त्यात बोटं घालून बघायची!

मी काय काय नाही केलं! मटण पाट्यावर वाटून भातात लपवलं. पहिल्याच घासाला कळलं, थुंकली. मेथी बारीक चिरून पराठ्यात घातली. पराठा जागच्या जागी. गाजराचा हलवा केला, म्हटलं गोड आहे, जाईल, नाही. गोष्टी सांगितल्या, विमानाचे घास केले, आंबेमोहोर भाताचे मोदकाएवढे गोळे करून त्यात खिमा भरला. तिनं वरचा भात खाल्ला आणि खिमा उघडा पाडून ठेवला. धाकट्या बीबी रोज परत आलेल्या ताटाकडे बघायच्या आणि रोज थोड्या फिकट व्हायच्या. पोरगी वाळतेय ती वाळतेय, ह्यापण वाळायला लागल्या. शनिवारी शेठ यायचे, मुलीला उचलून घ्यायचे, वजन अजमावायचे आणि खाली ठेवायचे. धाकट्या बीबी लगेच पुढं होऊन तिचा फ्रॉक नीट करायच्या, मला दिसायचं ते.

अशात एक दिवस घडलं ते असं. शेजारच्या बंगल्यात गुजराती जैन कुटुंब उतरलं होतं. त्यांची नात जुबीच्याच वयाची. दोघींची कुंपणापाशी गट्टी जमली. एका दुपारी जुबी तिकडं खेळायला गेली आणि संध्याकाळी तिथल्या शेठाणी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "तमारी बेबी तो बहु डाही छे! भोपळ्याचं शाक दोनदा मागून घेतलं, डाळ घेतली, रोटली खाल्ली. एकदम गुणी पोरगी."

धाकट्या बीबींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. "दुसऱ्या कुणाची मुलगी असेल," मी म्हटलं. पण जुबी तिथंच उभी होती आणि तिच्या फ्रॉकवर भोपळ्याचा पिवळा डाग होता.

खोटं कशाला सांगू, मला आनंद नाही झाला. मी जळले! माझा खिमा नको, माझा हलवा नको, आणि त्या कांदा-लसूण नसलेल्या भोपळ्याला दोनदा हात पुढं? त्यांचा स्वयंपाक एक महाराज करायचे, पोट सुटलेले, कपाळावर केशराचा टिळा, दिवसभर गुणगुणत असायचे. दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "महाराज, त्या भोपळ्यात काय घालता?"

"हिंग, मेथीचे दाणे, गूळ, जरा आंबोशी. बस."

"बस कसं? अजून काहीतरी असणार."

"कांई नथी, बेन. भोपळ्यात भोपळा असतो."

मी तसंच केलं. चांगला हिंग बाजारातून आणवला, गूळ घातला, आंबोशी घातली. वासच असा सुटला की माळी येऊन विचारून गेला. रात्री ताट गेलं. ताट परत आलं. भोपळ्याला एक बोट लावलेलं, बाकी सगळं तसंच.

झालं, माझं डोकं फिरलं. सकाळी पुन्हा कुंपण. "महाराज, तुम्ही लपवताय. सांगितलं त्यात काहीतरी कमी आहे."

महाराज भडकले. "मी जिनमंदिरात शपथ घेऊ? काय वेगळं घालतो मी? तुमच्या हाताला चव नाही, त्यात माझा काय दोष?"

माझ्या हाताला चव नाही! अब्बांनी ऐकलं असतं तर कुंपण ओलांडलं असतं त्यांनी. चांगलीच जुंपली आमची. शेवटी त्यांच्या शेठाणी बाहेर आल्या, हसत हसत म्हणाल्या, "महाराज, आजचं आपलंच शाक एका वाटीत काढून मैनाबेनला द्या. बघू तरी." महाराजांनी फणकाऱ्यानं वाटी भरून कुंपणावरून दिली. त्याच दिवशी दुपार उतरताना जुबी तिकडं गेली होती, आणि त्यांच्या व्हरांड्यात नातीशेजारी बसून पत्रावळीवर तेच शाक पुसून खाल्लं होतं तिनं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मी रात्री तीच वाटी, त्याच पातेल्यातली, माझं त्यात काही नाही, जुबीच्या ताटात ठेवली. आणि या वेळी स्वतः तिच्यासमोर जाऊन बसले.

जुबीनं वाटीत बोट बुडवलं. वास घेतला. मग वाटी दूर सारली. "हे काळं आहे."

"काळं? अगं, दुपारी खाल्लंस ना शेजारी, तेच आहे. पिवळं आहे."

"नाही. हे काळं आहे."

आता सांगा, काय म्हणायचं? तीच भाजी, तीच चव, तीच पोर. मी कंदील उचलून वाटीजवळ आणला, म्हटलं, बघ. तिनं बघितलं, म्हणजे मान तिकडं केली. डोळे भलतीकडेच. तेव्हाही मला उमजलं नाही. मला वाटलं, महाराजांच्या बंगल्यात बरोबर खायला मैत्रीण असते, इथं एकटी बसते, म्हणून खात नाही. ठोकताळे बांधायला माणसाला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी धाकट्या बीबी आणि मी मागच्या पडवीत बसलो होतो. दिवे लागले होते, पडवीच्या आढ्याला कंदील टांगलेला, चांगली वात वर केलेली. जुबी आतल्या दारातून आली. उंबऱ्याशी थांबली. एक हात भिंतीला. मग म्हणाली, "मैनाबी, दिवा का नाही लावला?"

कंदील तिच्या डोक्यावर होता.

माझ्या हातातली सुपली खाली पडली. धाकट्या बीबींनी तोंडावर हात घेतला. मी जुबीला जवळ ओढलं, म्हटलं, "बाळा, तुला मी दिसते का?"

"आवाज येतो ना तुमचा."

"आणि माझं तोंड?"

तिनं नाही अशी मान हलवली. मग एकेक बाहेर आलं. दिवसा सगळं दिसतं. अंधार पडला की काही दिसत नाही. भात दिसतो, थोडासा. पाव दिसतो. वाटीत काय आहे ते दिसत नाही. फुफूकडे, म्हणजे आत्याकडे, मोठ्या बीबींकडे असताना एकदा रात्री वाटीत हात घातला तर अख्खी मिरची तोंडात गेली होती, आणि रडली म्हणून फुफू रागावली होती. तेव्हापासून जे दिसत नाही ते खायचं नाही, असं हिनं आपलं ठरवून टाकलं होतं. "तू सांगितलं का नाहीस?" धाकट्या बीबींनी विचारलं. त्यावर जुबी म्हणाली, "सगळ्यांना रात्री असंच असतं ना?"

या अल्ला! ते ऐकून माझ्या डोळ्यांतून जी धार लागली ती थांबेना. आम्ही हिला नखरेल म्हणत होतो, हट्टी म्हणत होतो. आणि पोरगी बिचारी बोटांनी चाचपून बघत होती, काय ठेवलंय पुढ्यात ते.

सकाळीच टांगा करून बाजारातल्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी जुबीचे डोळे नीट तपासले, खिडकीचा पडदा ओढून पुन्हा तपासले, आणि काय काय खाते ते विचारलं. धाकट्या बीबींनी सांगितलं, भात, साखर, पाव, साबुदाणा. डॉक्टर म्हणाले, "रातांधळेपणा आहे. तुमच्या लक्षात येतंय का काय झालंय? दिसत नाही म्हणून ही पांढरं खाते. आणि पांढरंच खाते म्हणून हिला दिसत नाही. वेळेवर आणलंत. आणखी पुढं गेलं असतं तर डोळ्याला कायमचं काही झालं असतं. आता बरं होईल."

"खरंच होईल?" धाकट्या बीबींनी पुन्हा विचारलं.

"होईल. माशाच्या तेलाची बाटली देतो. कलेजी द्या, अंड्याचा पिवळा भाग द्या, हिरवा पाला, गाजर, भोपळा, दूध, लोणी. आणि दिसेल तेव्हा जेवायला द्या, म्हणजे उन्हात."

दिसेल तेव्हा! म्हणजे महाराजांनी खरंच काही लपवलं नव्हतं. त्यांच्याकडे जैन रिवाज, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, दिवा लागल्यावर अन्नाला हात नाही. त्यांचा व्हरांडा पश्चिमेला. चार-साडेचारचं ऊन सरळ पत्रावळीवर. जुबीला तिथं भोपळा भोपळ्यासारखा दिसत होता, एवढीच ती जादू. मी परतताना कुंपणापाशी उतरले आणि महाराजांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या, बेन. पण हाताला चव नाही म्हणालो, तेही मी मागं घेतो." मग आमचं चांगलं जमलं.

प्रश्न उरला रिवाजाचा. तिन्हीसांजेच्या आत जेवण म्हणजे दुपारच्या चहाच्या वेळेला रात्रीचं जेवण. मोठ्या बीबींना कळलं तर काय म्हणतील? धाकट्या बीबी पहिल्यांदा घाबरल्या, मग एकदम ताठ झाल्या. म्हणाल्या, "मैनाबी, उन्हात वाढा. बोलणी मी खाईन." इतके दिवस त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

मग मी कंबर कसली. आता मला कळलं होतं की माझी लढाई पोरीशी नाहीच. मागच्या अंगणात चटई टाकायची, ऊन असताना ताट मांडायचं, आणि प्रत्येक वाटीत काय आहे ते जुबीला आधी दाखवायचं. लपवालपवी बंद. तिच्या देखत भोपळा चिरायचा, तिच्या देखत फोडणी. पहिल्या दिवशी तिनं फक्त बघितलं आणि भोपळ्याची एक फोड खाल्ली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "याच्यात मिरची कुठं आहे?" मी बोट दाखवलं, तिनं ती मिरची स्वतःच्या हातानं उचलून चटईखाली टाकली आणि मग वाटी संपवली. कलेजी मात्र तिला बघूनच आवडेना. रंग वाईट म्हणाली. ती मी निखाऱ्यावर भाजून, वर लिंबू पिळून, धाकट्या बीबींच्या ताटात वाढली. त्यांनी मिटक्या मारत खाल्ली. जुबीनं थोडा वेळ बघितलं आणि हात पुढं केला. धाकट्या बीबींना कलेजी मुळीच आवडत नसे, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

पाला आणून द्यायची ती वडिवळ्याची काशीमावशी. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाताना आमच्याकडे डोकावायची. मी सांगितलं, शेवग्याचा कोवळा पाला आता रोज हवा. ती म्हणाली, "व्हय गं, पर पोर खाईल का? आमची न्हाई खात."

"खाते. रोज खाते."

"आन् खुडायला कोन तू येनार?" असं म्हणत पाटी उतरवली आणि जुबीकडे निरखून बघितलं. "आता गाल आल्यात गं हिला. मागल्या बारीला बघितलं तवा लय वाळल्याली व्हती."

मावशीच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला. रोज बघणाऱ्याला पोर वाढलेली कळत नाही.

आणि मग मोठ्या बीबी आल्या. शेठबरोबर, शनिवारच्या गाडीनं, न कळवता. आल्या आल्या विचारलं, "पोर जेवली?" संध्याकाळ होत आली होती. जुबी म्हणाली, "मघाशीच." झालं! "मघाशी म्हणजे? ही काय जेवायची वेळ? रात्रभर उपाशी ठेवता पोरीला?" धाकट्या बीबींनी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. मोठ्या बीबी ऐकून घेत होत्या, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "माझ्याकडे होती तेव्हा नव्हतं हो असं काही. डॉक्टर काय, काहीही सांगतात. मी तिची पेटी भरते. परवा सकाळी आमच्याबरोबर येईल." शेठ टोपी हातात घेऊन फिरवत बसले. त्यांना बहिणीपुढं बोलता येत नसे. जुबी धाकट्या बीबींच्या पदराला धरून उभी, आणि धाकट्या बीबींनी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.

मी बावर्चीखान्यात गेले खरी, पण हात चालेना. तेवढ्यात मोठ्या बीबींचा हुकूम आला. रात्री पोरीचं ताट आमच्याबरोबर, टेबलावर, मी स्वतः भरवणार. म्हणजे दिव्याच्या उजेडात. माशाचं तेल रोज जात होतं, पण रात्रीचं तिला किती दिसतं ते आम्ही पारखून बघितलंच नव्हतं; ऊन असताना जेवायची, अंधार पडला की झोपायची. मी त्या दिवशी शेवग्याच्या पाल्याची भाजी केली होती, मोठ्यांसाठी. त्यात मिरच्या होत्या. दुसरं काही करायला वेळ नव्हता.

जेवण लागलं. मी कोपऱ्यात वाढायला उभी. मोठ्या बीबींनी जुबीला शेजारी बसवलं, पाल्याची भाजी भाकरीच्या तुकड्यावर घेतली आणि घास पुढं केला. जुबीनं तोंड मिटलं. मोठ्या बीबींनी भावाकडे बघितलं, "बघितलंस?" धाकट्या बीबींनी डोळे मिटून घेतले.

जुबी वाकली. घास नीट बघितला. मग दोन बोटांनी त्यातला एक हिरवा तुकडा उचलला, फुफूच्या ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "फुफू, ही मिरची. पाला आणि मिरची दोन्ही हिरवीच असतात, पण मिरची चकचकते. तुला दिसत नाही का?"

आणि तोंड उघडलं.

मोठ्या बीबींचा हात तसाच हवेत. मग त्यांनी घास तिच्या तोंडात घातला. दुसरा घास केला. त्यातली मिरची स्वतः शोधून काढली, बराच वेळ शोधली, आणि मगच भरवला. भाकरी संपली तेव्हा त्यांनी जुबीचा चेहरा दोन्ही हातांत धरून दिव्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे असताना ती मिरची तुला दिसली नव्हती, होय गं?" जुबीनं होय म्हणून मान डोलावली. मोठ्या बीबींनी पदरानं डोळे पुसले. एवढ्या दगडासारख्या, पण रडल्या.

शेठनं घसा खाकरला. "आपा, परवाच्या गाडीला किती बिस्तरे बांधायला सांगू?"

मोठ्या बीबी ताटाकडे बघत म्हणाल्या, "माझा एकच."

माझा जीव भांड्यात पडला. धाकट्या बीबी उठल्या, कुणाला काही न सांगता माझ्यामागून अंगण ओलांडून बावर्चीखान्यात आल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. मी त्यांना थोपटत होते आणि एका हातानं चुलीवरची खीर ढवळत होते. खाली लागली असती तर मोठ्या बीबींनी नक्की काढली असती खोड.